मेट्रनबाईंची कुत्री

पाचगणीत ज्यांचे बंगले आहेत ते सहसा पाचगणीत नसतात. सोमवार ते शुक्रवार ते मुंबईत किंवा पुण्यात असतात आणि शनिवारी सकाळी पसरणीच्या घाटात अडकलेले असतात. इथे मागे राहतात बोगनवेल, वॉचमन आणि कुत्रं. बोगनवेलीकडे वॉचमन बघतो, वॉचमनकडे कुणीच बघत नाही, आणि कुत्रं माझ्याकडे येतं.

बोर्डिंग शाळेत मेट्रन म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे खायला नको म्हणणारं, रात्री रडणारं, दुसऱ्याची चप्पल पळवणारं काहीही मला नवीन नाही. फरक एवढाच की कुत्र्यांचे आईबाप मुलांच्या आईबापांपेक्षा जास्त सूचना देतात. कोको नावाची एक हस्की थंडीत माझ्याकडे असते. तिच्यासोबत टाइप केलेले कागद येतात: उकडलेलं चिकन, लाल भोपळा, दुपारी झोप, झोपताना हळू आवाजात संगीत. प्रत्यक्षात तिला ज्वारीची भाकरी आणि ताक आवडतं, आणि संगीत म्हणाल तर शेजारच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की ती डोळे मिटते. जानेवारीत पहाटे मी कानटोपी, दोन स्वेटर आणि शाल अशा सरंजामात निघते. कोको मात्र दवाने भिजलेल्या गवतात उताणी पडून चारी पाय हलवते. सैबेरियाची पोर ती, तिला आमची थंडी म्हणजे मे महिन्याची सुट्टी.

पावसाळ्यातली गिऱ्हाइकं वेगळी. महाबळेश्वर इथून वीसेक किलोमीटर, तिथे पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. आमच्या वाट्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका येतो. पण पांढऱ्याशुभ्र सामोयेड कुत्र्याला तेवढा पुरतो. फाटकाबाहेर पांढरा, वळणावर बदामी आणि टेबललँडच्या पायथ्याशी पोचेपर्यंत अस्सल जांभ्या दगडाचा. घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. पायाची बोटं एकेक करून फाकवायची, मधल्या मऊ कातडीत रुतलेली गोचीड चिमट्याने अगदी मुळाशी धरायची, न पिरगळता सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. तो पाय मागे घेतो, मी पुढे ओढते. मालकांचा नेमका त्याच वेळी व्हिडिओ कॉल येतो आणि ते म्हणतात, ‘अय्या, पेडिक्युअर!’

पण या धंद्याची खरी कमाई पैशांत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कुत्रं घेऊन जो हिंडतो त्याच्याशी सगळं गाव बोलतं. नुसतीच हिंडणारी बाई दिसली की लोक विचारतात, ‘काय, गुडघे कसे आहेत?’ हातात साखळी असली की मात्र थांबतात, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि सुरू होतात. टेबललँडवरचे घोडेवाले, दूधवाले, चुलीसाठी काटक्या वेचणाऱ्या मावश्या. कुठला बंगला विकला जातोय आणि कुठली सून माहेरी गेली, हे मला त्या त्या घराच्या आधी कळतं.

बातमी मोठी असली तर ती बिबट्याची असते. बिबट्याला कुत्रं फार आवडतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, म्हणून दिवेलागणीनंतर माझ्याकडचं एकही जनावर उंबऱ्याबाहेर जात नाही. कोकोच्या साहेबांनी यावर उपाय म्हणून तिला जीपीएसचा पट्टा पाठवला. वाटेवर मेंढरं घेऊन चाललेल्या धनगराने तो निरखून पाहिला. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याच्या गळ्यात बोटभर खिळ्यांचा पट्टा होता. ‘ह्यानं काय हुतंय?’ त्याने विचारलं. मी सांगितलं, कुत्रं कुठे आहे ते साहेबांना मुंबईत कळतं. तो विचार करून म्हणाला, ‘म्हंजी बिबट्यानं कुठं बसून खाल्लं त्ये कळंल.’

परवा तर गवा आल्याची आवई उठली. कुणाच्या तरी परसात काळा, टनभर वजनाचा, शिंगं ही एवढी! लोक मोबाइल घेऊन धावले. धुकं ओसरल्यावर ती आमच्या दूधवाल्यांची म्हैस निघाली. ती परसातला कोबी शांतपणे संपवत होती. दूधवाले अजून कुणाशी धड बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, कारण कोको त्यांच्या म्हशीवर भुंकत नाही.

कोकोच्या कागदांत द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट लाल अक्षरांत निषिद्ध लिहिली होती, आणि ते अगदी बरोबर आहे. कुत्र्यांना ती भोवतात. स्ट्रॉबेरीबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. एका सकाळी साखळीला हिसका देऊन बाई सरळ शेतात. वाफ्यांवर काळा मल्चिंग पेपर, त्यातून डोकावणारी लालबुंद फळं. तिने ओळीने एकेक हुंगून फक्त पिकलेली खाल्ली. शेतकरी दादा धावत आले. मी म्हटलं, फळांचे पैसे देते. ‘फळांचं सोडा हो मेट्रनबाई,’ ते कळवळून म्हणाले, ‘पेपर फाडला की हिनं!’ सबंध हंगाम तो कागद टिकवायचा असतो. फळ उद्या पुन्हा पिकतं. मग थोडं थांबून, स्वर बदलून त्यांनी विचारलं, ‘कच्चं एक बी नाही घेतलं व्हय? तोडणीला पाठवता का हिला?’

गेल्या शनिवारी साहेबांचा घाटातून फोन आला. गाड्यांची रांग लागली होती, तासभर चाक हललं नव्हतं, पुढे काय झालंय कुणाला कळत नव्हतं. आधी त्यांनी कोकोला फोन द्यायला सांगितला. मी तो तिच्या कानाला लावून धरला आणि साहेब तिच्याशी लाडं लाडं बोलत राहिले. तेवढ्यात दूधवाले फाटकाशी आले. बोलणं झाल्यावर मी फोन घेतला आणि म्हटलं, ‘साहेब, दत्तमंदिराच्या वरच्या वळणावर गाजराचा टेम्पो कलंडलाय. कुणाला लागलेलं नाही. क्रेन वाईहून निघालीये. तुम्ही गाडी बंद करून खाली उतरा, पोरं गाजरं गोळा करतायत, तुम्हीही चार घेऊन या, कोकोला आवडतात.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग साहेब म्हणाले, ‘मी इथे घाटात उभा आहे. तुम्हाला घरबसल्या कसं कळलं?’

‘अहो, मी कुत्री सांभाळते,’ मी म्हटलं.