थोरलीची बाटली, धाकटीचा डबा

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, मोठ्यानं नाही बोलता यायचं. ब विंगमधल्या त्या दोघी जावा हो... परवाच्या भिशीला जुंपली त्यांची! आणि कशावरून, तर सत्त्व कशात जास्त, डब्यातल्या टोमॅटोत की ऑलिव्ह ऑइलमध्ये. मी आपली पोह्यांची बशी हातात धरून बसूनच राहिले.

थोरलीचं तुम्हाला ठाऊकच आहे. वजन उतरवायचं खूळ डोक्यात शिरल्यापासून घरात ऑलिव्ह ऑइलशिवाय बात नाही. तेही बाटलीवर 'लाइट' लिहिलेलं. सॅलडवर धार, आमटीवर धार! वर धाकटीला म्हणते कशी, "तुझे ते डब्यातले शिळे टोमॅटो, त्यात काय उरलंय?" धाकटीच्या नाकाचा शेंडा लाल. तिच्या फळीवर डबे कायमचे आले ते 2023 च्या जुलैत. आठवतंय ना, टोमॅटो शंभरीच्या वर गेले, तिकडे नारायणगावला शेतकऱ्यांची चांदी आणि इकडे आपण सगळ्या कोकमावर... माझ्याकडे तर महिनाभर कोशिंबीर पांढरीफटक होती.

तर काय सांगत होते, त्यांच्या नणंदेची मुलगी आलीय ना, फूड टेक्नॉलॉजीवाली? तिनं डबा आणि बाटली दोन्ही मागवून लेबलं मोठ्यानं वाचायला घेतली. "थोरल्या मामी, तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी. आणि हा 400 ग्रॅमचा अख्खा डबा संपवलात तरी जेमतेम 100."

"अगं, पण हे लाइट आहे!"

"लाइट म्हणजे रंगानं नि चवीनं हो. रिफाइन केलेलं. कॅलरी तेवढ्याच."

अहो, काय चेहरा पडला! रोज चार चमचे ओततेय बाई, म्हणजे 480 नुसत्या धारेतून. "पण कोलेस्टेरॉल नाही म्हणून लिहिलंय," पुटपुटली बिचारी. पोरगी कसली सोडतेय, म्हणाली, ते आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही नसतं, वनस्पतीच्या तेलात ते सांगण्यासारखं असतंच कुठे?

धाकटी अशी फुलली की विचारू नका. पण पोरीनं डबा उलटा केला न्‌ म्हणाली, "यात मीठ आहे हं. मीठ न घातलेल्या टोमॅटोत 100 ग्रॅमला 10 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, इथं दहापटीच्या वर." आणि धाकटीच्या मिस्टरांचं बीपी... आता ते सोसायटीत कुणाला माहीत नाही? दुसरा चेहराही पडला. भिशीचे पैसे मोजायचं भान कुणाला राहिलं नाही.

"मग जिंकलं कोण?" मीच विचारलं. राहवेना हो!

ती हसली. म्हणाली, मावशी, हा सामनाच नाही. टोमॅटोत नव्वदेक टक्के पाणी, त्यात थोडं क जीवनसत्त्व, पोटॅशियम, चोथा. तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध. त्यात यातलं काही नाही, पण ई जीवनसत्त्व आहे, आणि बहुतेक स्निग्ध ओलेइक आम्लाचं, ते हृदयाला बरं. एक्स्ट्रा व्हर्जिन घशाला जरा झोंबतं ना, ती पॉलिफेनॉल्सची करामत. थोरलीच्या लाइटमध्ये ती रिफाइन करतानाच बरीचशी गेलेली. बाटली केवढ्याची, ते थोरलीनं मागच्या भिशीला सांगितलंच होतं, आठवा!

आणि शिळ्याचं म्हणाल तर, उष्णतेनं क जीवनसत्त्व थोडं जातं खरं, पण टोमॅटोचा लाल रंग ज्याचा, ते लायकोपीन शिजल्यावर जास्त सुटतं. ते विरघळतं तेलात, म्हणून स्निग्धाबरोबर पोटात गेलं की जास्त अंगी लागतं.

इतका वेळ सासूबाई कोपऱ्यात गप्प होत्या. "तेल ऑलिव्हचंच हवं का गं?"

"छे, आजी. कुठलंही."

झालं! उठल्या, कढईत शेंगदाण्याचं तेल, जिरं, हिंग, कढीपत्ता, वर धाकटीचा डबा उपडा, गुळाचा खडा. मीठ घातलंच नाही, डब्यातलंच पुरलं. सार असं झालं होतं म्हणता... थोरली दोन वाट्या प्यायली, अवाक्षर न काढता.

बाटलीचं पुढं काय झालं विचारा ना! धाकटीची लेक बाळंतपणाला आलीय, तर बाळाच्या मालिशीला म्हणून थोरलीनं ती काल स्वतः नेऊन दिली. मी होतेच तिथं, विरजण मागायला गेले होते. धाकटीनं बाटली हातात घेतली, फिरवून वाचली आणि म्हणते कशी, "वहिनी, लाइट आहे ना? बाळाचं वजन नाही हो उतरवायचं!"