काकूंचा निळा टोप

अहो, ऐकलंत का? बी विंगच्या काकूंचा निळा टोप कामातून गेला! तोच हो, इनॅमलचा, सासूबाईंच्या वेळचा. आमसुलाचं सार करावं तर त्यातच. पितळेत कळकतं, जर्मनच्या भांड्यात चव बिघडते... काकूंचं आपलं ठरलेलं.

तर आतून हा एवढा टवका उडाला. काळं लोखंड उघडं! आणि नाव कुणाचं? सुनेचं. "हिनं स्टीलच्या उलथन्यानं खरवडलं." सून बिचारी गप्प. पण मी पाहिलंय ना... मुद्दाम नाही हं, त्यांची किचनची खिडकी समोरच येते माझ्या. दुपारची सिरियल रंगलेली, गॅसवर टोप कोरडा ठणठणीत. मग धावत जाऊन धरला की थेट नळाखाली! 'टण्ण' इथवर ऐकू आलं. जाऊ दे, आपण कशाला बोला.

तर काय सांगत होते... हां, कल्हईवाला. काकू टोप घेऊन खाली हजर. त्यानं बोटानं वाजवून बघितला. "आजी, ही काच हाय. काचेला कथील धरत न्हाई." चेहरा असा पडला म्हणता काकूंचा! टोपामुळे की त्या 'आजी'मुळे, देव जाणे.

मग वरच्या मजल्यावरचे भाऊजी. त्यांच्याकडे सगळ्याला सोल्यूशन! "एपॉक्सी भरू, वरून पांढरा पेंट. एक नंबर फिनिश." तेव्हा सून पहिल्यांदा बोलली, "आणि ते सारात उतरलं तर?" भाऊजी चहा न घेताच गेले.

शेवटी काकूंचा भाचा आला, अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे तो. म्हणे त्यांच्या रिॲक्टरनाही आतून अशीच काच असते, ॲसिडनं लोखंड खाऊ नये म्हणून. थर द्यायचा की अख्खं भांडं भट्टीत, 800 अंशांच्या आसपास. परत थर, परत भट्टी. कल्हईचं कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून तर ते भात्यावर भागतं. आणि रिॲक्टरला बारीक टवका पडला तर टँटलम नावाच्या धातूचं बूच बसवतात म्हणे. काकूंचे डोळे लकाकले, "मग आण की एक बूच!" "मावशी, त्या पैशात दुकानभर टोप येतील."

बाहेरून उडाला असता तर चाललं असतं हो, कोरडा पुसून तेलाचा हात फिरवायचा. आतून म्हणजे गंजही पोटात आणि काचेच्या कपच्याही. आणि ऐका, भाचा जाता जाता म्हणाला, "तापल्यावर लोखंड आणि काच सारखी फुगत नाहीत. गरम भांड्यावर गार पाणी पडलं की तडकतं." सुनेनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी कॅलेंडरकडे!

रविवारी दोघी विठ्ठलवाडी स्टेशनचा पूल उतरून पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पात गेल्या, नवा बघायला. दुकानदार म्हणे, "इंपोर्टेड आहे." काकू सोडतात होय! "कुठला? यू.एस.ए. ना? उल्हासनगर सिंधी असोसिएशन?" तोही हसला, पन्नास रुपये कमी केले. तरी घेतला नाहीच. पत्रा पापडासारखा, म्हणे.

जुना माळ्यावर गेलाय. भंगारवाल्याला दाखवूसुद्धा दिला नाही. आणि काल सुनेनं सार केलं, साध्या स्टीलच्या टोपात. काकूंनी दोनदा वाटी पुढे केली... मी विचारलंच, कसं झालं होतं? म्हणाल्या, "या वेळची आमसुलं चांगली निघालीत हो."