एक येणे

अण्णांच्या घराची बेल वाजवली की दार उघडायच्या आधीच आतून हुकूम येतो, "डावीकडून या!" उजवीकडे दिवाणावर कॅरम बोर्ड असतो आणि त्यावर जिगसॉ पझल. पाहुण्याने आधी पायाखाली बघायचं, मग चपला काढायच्या, मग पुन्हा पायाखाली बघायचं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एवढी तपासणी फक्त गॅसवाल्याची होते.

अण्णा एका बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लब, हरिपाठ किंवा सोसायटीची कमिटी धरतात. अण्णांनी तिन्ही धरून पाहिलं. हास्यक्लबात त्यांना हसू येईना. हरिपाठात डुलकी लागे. कमिटीत हिशेबाला तेरा रुपये जास्त निघाले, ते कुठून आले हे कळल्याशिवाय अण्णा सही करेनात, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना सन्मानाने मोकळं केलं. त्याच सुमारास जर्मनीहून जावई आले. बॅगेत चॉकलेटांऐवजी जिगसॉचं पाचशे तुकड्यांचं खोकं होतं. काकू ते अजून विसरलेल्या नाहीत.

खोकं उघडून अण्णांनी पहिलं काम केलं ते मोजण्याचं. ५१३! पुन्हा मोजले. ५१३! पुन्हा तेच तेरा. झोप उडाली. दुसऱ्या रात्री दोन वाजता उठून त्यांनी काकूंना हलवलं, "अगं, सत्तावीस एकोणीसे पाचशे तेरा!" एका बाजूला २७ आणि दुसऱ्या बाजूला १९ तुकडे बसवले की तेवढेच होतात, पाचशे ही नुसती बोलायची रक्कम. हिशेब लागला आणि अण्णा या छंदाचे कायमचे झाले.

कॅरम बोर्डाची निवड त्यांची स्वतःची. हजार तुकड्यांचं चित्र साधारण ७० बाय ५० सेंटीमीटरचं होतं आणि बोर्डाची आतली जागा ७४ बाय ७४. कडेला लाकडी चौकट, त्यामुळे तुकडा बाहेर पळत नाही; उरलेल्या पट्टीत सुटे तुकडे; आणि चार कोपऱ्यांच्या जाळ्यांत चार रंग. राणी जिथे पडायची तिथे आता हिरवी झाडं पडतात. नातवंडं कॅरम खेळायला मागतात तेव्हा अण्णा म्हणतात, "शनिवारी." वार खरा असतो, महिना सांगत नाहीत.

"हा पोरांचा खेळ ना?" असं कोणी म्हटलं की अण्णा चष्मा कपाळावर चढवतात. मग लंडनचा जॉन स्पिल्सबरी येतो. १७६० च्या दशकात या नकाशे करणाऱ्या माणसाने नकाशा लाकडावर चिकटवला, देशांच्या सीमांवरून करवत फिरवली आणि तुकडे भूगोल शिकायला विकले. "कोणाला?" आपण विचारतो. "पोरांना," अण्णा पडेल आवाजात म्हणतात आणि चष्मा खाली येतो. स्पेनमध्ये वायादोलिदला याची जागतिक स्पर्धा भरते, तिथले पट्टीचे खेळाडू पाचशे तुकडे पाऊण तासाच्या आत लावतात, हे मी एकदा सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "गाडी पकडायची असेल त्यांना."

त्यांच्याबरोबर खोकं घ्यायला मात्र जावं. नारळ घेताना आजी करायची तसं खोकं ते कानाशी धरून हलवतात. खडखड वाजलं तर पुठ्ठा जाड. फसफस वाजलं तर पातळ, आणि आत कापलेल्या कागदाचा भुसा. चकचकीत छपाई बाद, कारण घरी ट्यूबलाइट आहे आणि अर्धं चित्र नुसतंच चमकतं. तुकड्यांचे आकार निरनिराळे हवेत. सगळे सारखेच कापलेले असले की भलताच तुकडा भलत्या जागी छान बसतो. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात आणि वर्षभराने कळतं की स्थळ चुकलं. शेवटची परीक्षा घरी. जुळलेला भाग दोन्ही हातांनी उचलायचा. थालीपीठासारखा अखंड उचलला गेला तर कंपनी चांगली.

चित्राबद्दल त्यांचं मत ठाम आहे. पुस्तकांचं कपाट घ्यावं, भाजीबाजार घ्यावा, पाट्यांनी भरलेली गल्ली घ्यावी. अक्षर दिसलं की तुकड्याला पत्ता मिळतो. आभाळ घेऊ नये. "आभाळ रंगवायला चित्रकाराला दहा मिनिटं लागतात, जुळवायला आपल्याला दहा दिवस." इतकं सांगून ते दर वेळी आभाळवालंच खोकं उचलतात. दुकानातल्या मुलीने एकदा विचारलं, "काका, किती वर्षांच्या मुलासाठी हवंय?" अण्णा म्हणाले, "सदुसष्ट."

यंदाच्या पावसाळ्यात नॉयश्वानश्टाईनचा किल्ला होता. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि १८८६ मध्ये राजा गेला तेव्हाही बांधकाम अपुरंच होतं. राजाला सतरा वर्षांत जमलं नाही ते अण्णांनी तेवीस दिवसांत उरकत आणलं. त्यातले चौदा दिवस आभाळाचे. या चौदा दिवसांत घरात कोणी शिंकायचं नाही. काकूंनी येताजाता एक तुकडा अचूक बसवला तर अण्णा तो काढतात, निरखून बघतात आणि पुन्हा तिथेच स्वतः बसवतात. त्यांना वाटतं आपण फार सोशिक. दूधवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला की तो सोशिकपणा जिन्यात ऐकू येतो.

चित्र पुरं झालं की ते दोन दिवस ठेवतात. मग मोडायचं, तुकडे मोजायचे, पिशवीत भरायचे आणि वर नोटांच्या बंडलाला लावतात तशी कागदी पट्टी: आकडा, तारीख, सही. कपाटात अशी एकवीस बंडलं आहेत. बाविसावं परवा पाहिलं. पट्टीवर लिहिलंय, "९९९. एक येणे." सही नाही. झाडूवाल्या मावशींची चौकशी झाली. केराची बादली वर्तमानपत्रावर ओतली गेली. काकू माहेरी जाऊन आल्या.

तुकडा माझ्याकडे आहे. एका संध्याकाळी धो धो पाऊस होता आणि मी हुकूम न ऐकता ओली छत्री घेऊन उजवीकडून आत शिरलो होतो. काल छत्री उघडली तेव्हा घडीतून पडला. निळा, तीन कानांचा, किंचित फुगलेला. दोनदा त्यांच्या मजल्यापर्यंत जाऊन परत आलोय. आमच्या बाजूला कोणी येणार असेल तर कृपया माझ्याकडून घेऊन जावा आणि त्यांच्या दिवाणाखाली हळूच सोडावा. जाताना डावीकडून जा.