वाढीव वेळ

चंद्रपूरच्या माणसाला टेन्शन बाहेरून मागवावं लागतं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना पटत नाही. त्यांचंही बरोबर आहे. मे महिन्यात पारा ४५-४६ वर, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर राखेचा पातळ थर, आणि सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला वाटेत वाघाचे ठसे. एवढा गावरान माल घरपोच मिळत असताना इथला गृहस्थ रात्री साडेबाराला उठतो, टीव्हीचा आवाज बारीक करतो आणि अर्जेंटिनाच्या बचावफळीची काळजी वाहत बसतो. स्वतःची बीपीची गोळी घ्यायला तो विसरतो. मेस्सीच्या पोटरीचं दुखणं मात्र त्याला तारखेनिशी ठाऊक असतं.

आमच्या गल्लीतले काकाजी हे या जमातीचे ज्येष्ठ सभासद. औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त. त्यांनी ब्राझील धरला तो १९८६ च्या वर्ल्डकपात, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. ती जगप्रसिद्ध पिवळी जर्सी त्यांना पहिल्यांदा दिसली ती राखाडी, म्हणजे आमच्याच गावच्या रंगाची; जीव तिथेच जडला असावा. त्या वर्षी ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टीवर हरला आणि नातं पक्कं झालं. जिंकणाऱ्या संघाशी नुसती ओळख होते, हरणाऱ्याशी सोयरीक जमते. काकाजींचा पोरगा अर्जेंटिनाचा. काकू तिसऱ्या पक्षाच्या: कोणीही जिंका, पण दिवे मालवा.

क्रिकेटचं टेन्शन हप्त्याहप्त्याने मिळतं. ओव्हर संपली की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. तेवढ्यात माणूस पाणी पितो, खर्रा घोटून घेतो, शेजाऱ्याशी भांडून येतो. फुटबॉलमध्ये ही सवलत नाही. पंचेचाळीस मिनिटं सलग श्वास रोखायचा, पंधरा मिनिटं सोडायचा, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं रोखायचा. बरं, त्यात घडतं काय? बहुतेक वेळ काहीच नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. आपण एक गोलने पुढे असताना समोरच्याने आपल्या अर्ध्यात नुसता थ्रो-इन घेतला तरी काकाजी उशी आवळतात. हरत असलो की निदान आशा करता येते; जिंकत असताना करायला फक्त काळजी उरते.

या काळजीवर इलाज म्हणून गल्लीने काही नियम केले आहेत. पहिला गोल झाला तेव्हा जो जिथे होता, त्याने तिथेच राहायचं. एकदा एक पोट्टा अर्धवट उठून चप्पल शोधत होता आणि गोल झाला. उरलेली मॅच त्याने त्याच आसनात काढली. दुसरा नियम, मोबाईलवाल्याने डिशवाल्याच्या शेजारी बसायचं नाही. मोबाईलवरची मॅच अर्धा मिनिट मागून धावते. तुमचा खेळाडू अजून मैदानाच्या मधोमध चेंडू घोळवत असतो आणि शेजारच्या घरातून ‘गोऽऽल’ ऐकू येतो. भविष्य कळतं, पण कोणाचं ते कळत नाही. तिसरा नियम खास काकाजींसाठी. ते घराबाहेर असले की ब्राझील गोल करतो, असा शोध कोणीतरी लावला. तेव्हापासून प्रत्येक अटीतटीच्या क्षणी त्यांना फाटकाबाहेर काढतात. ब्राझीलचे कित्येक उत्तम गोल काकाजींनी फाटकाच्या कडीला धरून, आतल्या आरड्याओरड्यावरून पाहिलेले आहेत.

९ डिसेंबर २०२२ ची रात्र या गल्लीला विसरता येणार नाही. साडेआठला ब्राझील विरुद्ध क्रोएशिया, साडेबाराला अर्जेंटिना विरुद्ध नेदरलँड्स. म्हणजे बापाचा पेपर आधी, पोराचा नंतर. नेमारने जादा वेळेत गोल केला तेव्हा काकाजी अर्थातच फाटकाबाहेर थंडीत होते. आनंदाच्या भरात लोकांनी त्यांना आत बोलावलं. ही चूक नेमकी कोणाची, यावर गल्लीत आजही दोन तट आहेत, कारण ११७ व्या मिनिटाला पेटकोविचने बरोबरी साधली. मग पेनल्टी. मार्किन्योसचा चेंडू खांबाला लागला आणि काकाजी म्हणाले, ‘‘मले आत काहून बोलावलं बे?’’ त्यानंतर ते कोणाशी बोलले नाहीत. पेपर मिलच्या जुन्या सायरनसारखं लांबलचक उसासणं मात्र काही वेळ ऐकू येत होतं.

साडेबाराला पोराची पाळी. अर्जेंटिना दोन गोलने पुढे, पोट्टे नाचायच्या बेतात. ८३ व्या मिनिटाला वेगहोर्स्ट नावाच्या उंचाड्याने एक परत केला. रेफरीने दहा मिनिटं वाढीव दिली, आणि ती दहाही संपल्यावर अकराव्या मिनिटाला त्याच गड्याने दुसरा घातला. त्याच वेळी तिकडे झाडीपट्टीत कुठल्यातरी गावात रात्रभराचं नाटक रंगात आलेलं असणार. तिथेही नायिकेचं काय होईल या काळजीने मंडपभर पदर डोळ्यांना लागतात. पण झाडीपट्टीच्या लेखकाला प्रेक्षकांची दया येते. पहाटेपर्यंत खलनायक पकडला जातो. वेगहोर्स्टला दया नव्हती. अखेर पेनल्टीवर अर्जेंटिना सुटला तेव्हा तीन वाजून गेले होते. पोट्टा वर तोंड करून ओरडला, आणि आतल्या खोलीतून जागेच असलेले काकाजी म्हणाले, ‘‘टीव्ही बंद कर आता.’’ आवाजात ब्राझीलही होता आणि बापही.

नऊ दिवसांनी फ्रान्सशी फायनल. ८० व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० ने पुढे होता. गल्लीच्या टोकाला एकाने पेढ्यांचा पुडा सोडलासुद्धा. एमबापेने ९७ सेकंदांत दोन गोल केले. पुडा पुन्हा बांधण्यात आला. जादा वेळेत मेस्सीने एक घातला, पुडा सुटला. एमबापेने पेनल्टीवर फेडला, पुडा बांधला. अगदी शेवटी कोलो मुआनीचा फटका गोलकीपरच्या पायाला लागून परतला, आणि गल्लीत काही क्षण नुसत्या छातीच्या धडधडीवर लोक ओळखू येत होते. आशियातल्या बड्या कोळसापट्ट्यांपैकी एका पट्ट्यात राहून, २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या उशाला झोपून, त्या रात्री प्रत्येकाच्या मनात एकच धसका होता: पेनल्टीच्या वेळी लाइन जाते का काय! लाइन गेली नाही. अर्जेंटिना जिंकला. पेढे चुरगळले होते, पण गोड होते.

हे दुखणं फक्त आमच्या गल्लीचं नाही. २००६ चा वर्ल्डकप जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक भागातल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट, बायकांत १.८२ पट. आकडे वाचून काकू म्हणाल्या, ‘‘म्हणजे बायांले अक्कल जास्त, हे जर्मनीत जाऊन मोजा लागलं का?’’ १९९८ साली इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरला, तेव्हा त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हार्ट अटॅकचे रुग्ण २५ टक्क्यांनी वाढले. तिकडे निदान स्वतःच्या देशासाठी छातीत कळ येते. आमच्याकडे दुसऱ्याच्या देशासाठी येते, यात आमचा मोठेपणा की बिनकामीपणा, हे ज्याने त्याने ठरवावं.

दुःख बुडवायच्या सोयीबाबतही आमचा इतिहास वेगळा आहे. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ च्या जुलैत दुकानं पुन्हा उघडली. म्हणजे २०१८ चा वर्ल्डकप आम्ही कोरडा पाहिला, निदान कागदोपत्री. अर्जेंटिना फ्रान्सकडून ४-३ ने आणि ब्राझील बेल्जियमकडून २-१ ने गेला, ते सारं चहावर सोसलं. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी. तिथल्या फुटबॉलप्रेमींनी १९९४ ते २०२२ हे आठ वर्ल्डकप असेच काढले. त्यामुळे कतारने स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना स्टेडियममधली बीअर बंद केली आणि युरोपात बोंब उठली, तेव्हा इकडचे जाणकार गालातल्या गालात हसले. फिफाने थोडा प्रवासखर्च दिला असता, तर बंदीत मॅच कशी पाहतात याचं प्रशिक्षण द्यायला दोन्ही जिल्ह्यांतून अनुभवी माणसं गेली असती.

मग आपलाच एखादा संघ का धरत नाही, असं विचारणारे देशभक्त भेटतात. धरून पाहिला. महाराष्ट्राचा म्हणून पुण्याचा आयएसएल संघ धरावा, तर तो २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बल्लारशावरून गाडीत बसलं की हैदराबाद येतं, म्हणून तो धरला. २०२२ मध्ये त्यांनी करंडकही जिंकला. २०२५ मध्ये संघाचीच दिल्लीला बदली झाली. हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या आमच्या बल्लारशावरूनच जातात. पण संघ विमानाने गेला असावा, फलाटावर तरी कोणी दिसलं नाही.

या बाबतीत निष्ठा शिकावी ती बंगाली कॅम्पात. पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती; गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडेही अशी गावं आहेत. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना ईस्ट बंगाल हे क्लबचं नाव नंतर, गावाचा पत्ता आधी. हा क्लब २०२० मध्ये आयएसएलमध्ये आला आणि पहिल्या पाच हंगामांत एकदाही पहिल्या सहांत बसला नाही. मधे २०२४ च्या जानेवारीत सुपर कप मिळाला, तेवढ्यावर माणसं तग धरून आहेत. पत्ता हरला म्हणून कोणी बदलत नाही.

उरला भारताचा संघ. हृदयरोग्यांना मी तोच सुचवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात भारत सिंगापूरकडून २-१ ने हरला आणि २०२७ च्या आशिया कपाचं दार बंद झालं. काकाजींनी ती मॅच पाहिली. उशी आवळली नाही, फाटकाबाहेर गेले नाहीत. पहिला गोल भारताने केला तेव्हा थोडे अस्वस्थ झाले, पण सिंगापूरने लवकरच त्यांना सावरलं. टेन्शनला कच्चा माल म्हणून आशा लागते. ती नसली की नाडी ठणठणीत चालते. सरकारने या मॅचचं प्रक्षेपण आरोग्य खात्याकडे द्यायला हरकत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी काकाजींना विचारलं, दारात एवढी टेन्शनं असताना ही सातासमुद्रापारची कशाला? ते बराच वेळ खर्रा चघळत राहिले. मग म्हणाले, ‘‘त्याले शिट्टी असते गा.’’

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. मेमध्ये तेंदूपानाच्या हंगामात सिंदेवाही-मूलकडच्या बाया पहाटे जंगलात शिरतात. एक वाकून पानं खुडते, दुसरीची नजर झुडपात. त्यांनी किती मिनिटं खेळायचं, हे कोणी सांगितलेलं नाही. खाणीला जमीन देऊन नोकरीची वाट पाहणारा प्रकल्पग्रस्त बापाच्या नावाने अर्ज करतो आणि मुलाच्या नावाने तारीख घेतो; त्याची जादा वेळ दोन पिढ्या चालू आहे. फुटबॉलमध्ये काळीज कितीही फाटलं तरी एक माणूस घड्याळ पाहतो, शिट्टी फुंकतो, आणि सगळ्यांना एकदम कळतं की संपलं. हरलेला रडायला मोकळा, जिंकलेला नाचायला. आमच्याकडे रडायची वेळ कोणती, हेच जाहीर होत नाही.

तेव्हा मी एक निवेदन तयार केलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीसमोर एक चौथा पंच उभा करावा. त्याच्या हातात लाल दिव्यांची पाटी: या पुलाच्या कामाला वाढीव वेळ सात वर्षं, या फाइलीला अकरा. ठेकेदार ऑफसाइड दिसला की झेंडा वर. रस्ता झाला की नाही यावर वाद असेल तर साहेबांनी पडद्यावर पाहून यावं. मात्र रस्ता पाहावा, फोटो पाहू नये. आणि प्रत्येक अर्जाला शेवटची शिट्टी असावी. ‘नाही’ म्हणा, पण वाजवून म्हणा.

आवक-जावकच्या खिडकीवर बाबूंनी निवेदन नीट वाचलं. ते मेस्सीवाले निघाले. शिक्का मारला, नंबर घातला आणि विचारलं, ‘‘उत्तरासाठी किती मिनिटं धरायची?’’

मी म्हटलं, ‘‘२०३० चा वर्ल्डकप धरा.’’

त्यांनी मान हलवून लिहून घेतलं. मग पेन थांबवून, अगदी आपुलकीने विचारलं, ‘‘पेनल्टी धरून का?’’