फलिताची उधारी

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा आणि टाळेबंदीचा पहिला दिवस. आमच्या घरी साखरेच्या गाठीशिवाय गुढी उभी राहिली, पंचांगाची पूजा झाली, वर्षफल वाचलं गेलं. शके १९४२, शार्वरी संवत्सर. पाडवा बुधवारी, म्हणून वर्षाचा राजा बुध. राजा पाडव्याच्या वारावरूनच ठरतो. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. देश घरात कोंडला जाईल, याचा त्या पानावर मागमूस नव्हता.

त्याच पंचांगात २१ जूनचं सूर्यग्रहण मात्र स्पर्श, मध्य, मोक्षाच्या वेळांसह छापलेलं होतं. ते छापल्या वेळेला लागलं आणि सुटलं.

ग्रहणाचं पान गणिताचं. वर्षफलाचं पान फलिताचं, आणि फलित कायम गणिताच्या पतीवर उधारी करतं. ‘ग्रहण बरोबर सांगतात, मग युद्ध का नाही सांगणार?’ हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. शनी अमुक दिवशी कुठे असेल, हे गणित सांगतं. तो तिथे आला की युद्ध पेटतं, हे कुठल्याही समीकरणातून निघत नाही. ते बाहेरून आणून चिकटवलेलं असतं. संगणकाने कुंडली अंश-कला-विकलेपर्यंत अचूक मांडली, तरी चिकटवलेलं ते चिकटवलेलंच.

फेब्रुवारी १९६२ मध्ये सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत जमले. अष्टग्रही! गणित बिनचूक होतं. फलित होतं जगबुडीचं. देशभर यज्ञ झाले, माणसं खरोखर घाबरली. जग बुडालं नाही. ऑक्टोबरात चीनने हल्ला केल्यावर तेच अष्टग्रहीचं फळ ठरवण्यात आलं. घडून गेल्यावर जुळवलेल्या गोष्टीला भाकीत म्हणत नाहीत.

आपल्याकडे याची रीतसर परीक्षाही झाली आहे. २००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह दोनशे मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस कुंडल्या. कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून पन्नासच्या आसपास येतात. एका मुलाबद्दल एवढं सांगता येत नाही, तिथे जगाचं भविष्य कोणत्या बळावर सांगायचं?

मला चीड येते ती पंचांगाचं गणित करणाऱ्यांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या वेध घेऊन, चुका दुरुस्त करून त्यांनी कमावलेला विश्वास दुसराच कुणी भीती विकायला वापरतो. युद्ध सांगायचंय? मग तारीख, ठिकाण आणि घटना आधी छापा. ग्रहणवाल्यांनी छापलंय: २ ऑगस्ट २०२७, इजिप्तमधलं लक्सर, सहा मिनिटांहून अधिक काळ भर दिवसा काळोख.