दुधात साखर

मधुमेहाच्या डॉक्टरांचा कागद फ्रिजवर डावीकडे लावलाय, पोटाच्या डॉक्टरांचा उजवीकडे. डावा सांगतो, भात-पोळी-बटाटा-साबुदाणा कमी करा, भूक लागलीच तर पनीर खा, ग्लासभर दूध घ्या. उजवा सांगतो, दुधाला हात लावू नका. पोट बिघडलं तर मऊ भात खा. दोघेही सज्जन. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, एवढंच.

‘दुधात साखर’ म्हणजे सोन्याहून पिवळं, असा माझा बावन्न वर्षं समज होता. पण दुधात साखर मुळातच असते, शंभर मिलीत पाच ग्रॅमच्या आसपास. तिचं नाव लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज पुष्कळ माणसांत लहानपण सरलं की कमी होत जातं. माझ्यातलं बहुधा राजीनामाही न देता निघून गेलं. मग ती न पचलेली साखर मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या पंगतीला जाते, आणि पंगत रंगली की ऑफिसच्या मीटिंगमध्ये शेजारच्या दोन खुर्च्यांना ऐकू जाते.

“मग तुम्ही खाणार तरी काय?” असं म्हणत हिने दोन्ही कागदांवर लाल पेन चालवलं. उरली अंडी, मासे, मेथी, पडवळ, दाण्याची चटणी आणि दोडक्याच्या शिरा. सोलकढी वाचली, नारळाच्या दुधाला गाय-म्हशीशी देणंघेणं नाही. सगळ्यांत गंमत तुपाची. जन्मभर ज्याच्यावरून बोलणी खाल्ली, ते तूप दोन्ही कागदांतून सहीसलामत सुटलं. लोणी कढवून तूप झालं की त्यात लॅक्टोज जवळजवळ उरत नाही, आणि कर्बोदकं तर नाहीतच. आता प्रश्न असा, की पोळी-भाताशिवाय ते घालायचं कशावर? पडवळावर?

श्रावणात शेजारी सत्यनारायण होता. पंचामृत आलं: दूध, दही, तूप, मध, साखर. पाचांत आपलं एकच. मागून शिरा: रवा, साखर, दूध, केळं, तूप, सगळं सव्वा मापाने. तिथेही तूपच एकटं निर्दोष. मी द्रोण हळूच बाजूला सरकवत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “प्रसादाला नाही म्हणू नये हो.” प्रसाद न घेता धावलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडाल्याचं पाचच मिनिटांपूर्वी ऐकलं होतं. आमच्या घरातला नवरा मीच. संपूर्ण द्रोण खाल्ला, वर बोटंही चाटली.

बरोबर दोन तासांनी, म्हणजे खाल्ल्यानंतरची साखर तपासायच्या मुहूर्तावर, मी बाथरूममध्ये होतो. ही ग्लुकोमीटर घेऊन दाराशी उभी.

“अहो, दोन तास झाले. निदान बोट तरी बाहेर काढा!”