फटीचा बंदोबस्त

बोरिवली पूर्वेला घर घेताना, ‘हवेशीर आहे’ या एकाच गुणापायी मी दलालाने सांगितलेली किंमत निमूटपणे मान्य केली होती. त्याच हवेविरुद्ध जानेवारीत मला सुईदोरा हाती धरावा लागावा, यातला दैवदुर्विलास घरच्या मंडळींनी मला पुरेपूर ऐकवला. कुलाबेकरांना थंडी ही वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट, कारण तिन्ही बाजूंचा समुद्र त्यांना रात्रीही उबेत ठेवतो; आमच्या उशाशी मात्र राष्ट्रीय उद्यानाचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे रान पसरलेले. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हा दाखला मी पुढे केला, तेव्हा आई म्हणाली, “तेव्हा मी मॅट्रिकला होते रे. पण आम्ही काही दारं शिवत बसलो नाही.”

तिचे म्हणणे खरे, पण तिच्या घराला उंबरठा होता. आमच्या दाराखाली नुसती संगमरवरी पट्टी आणि वर दोन बोटांची फट. नरसिंह इथे अवतरता, तर हिरण्यकशिपूला घेऊन बसायचे कुठे, याचीच पंचाईत होती.

तेव्हा, सेवानिवृत्तीच्या समारंभात घातलेल्या आणि कमरेने केव्हाच राजीनामा दिलेल्या टेरिकॉटच्या पँटीचा एक पाय कापून, त्याला दुसऱ्याचा तुकडा जोडून, छत्तीस इंच लांबीचा लोड शिवण्याची तजवीज मी केली. आत काय भरावे, यावर बराच खल झाला. तांदळाची सूचना आईने ‘अन्न पायाशी?’ एवढ्याच शेऱ्यानिशी फेटाळली. चिंध्या हलक्या, त्यांना वारा दाद देईना. अखेर शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे काम चालले होते, (बोरिवलीत ते कोणाच्या शेजारी चालत नाही?) तिथल्या मुकादमाकडे रीतसर अर्ज करून मी दोन डबे वाळू मिळवली. भरल्यावर ऐवज साडेचार किलोंचा झाला, आणि शिवणीचा गुडघा नेमका मधोमध आल्याने तो हुबेहूब माणसाच्या पायासारखा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी दार अर्धवट उघडे असताना जिन्यातून डोकावलेल्या शेजारीणबाईंनी “अहो, काका पडले!” असा जो पुकारा केला, त्याने तिसऱ्या मजल्यापर्यंतची माणसे जमली, काका मागून चहाचा कप घेऊन आले, तेव्हा त्यांची काहीशी निराशाच झालेली दिसली.

मी धावदोऱ्यावर भागवले होते. वाळूसारख्या चंचल मालाला उलटी टीपच हवी, हे मला आठवड्याभरात समजले. कारण दार आत उघडणारे, दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या आगमनाला पाय फरफटत मागे सरे आणि फरशीवर वाळूची एक बारीक कमान काढून ठेवी. केर काढणाऱ्या बाईंनी पगारवाढीची दरखास्त गुदरली, ती मला बिनशर्त मंजूर करावी लागली. तेवढ्यात सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराची रात्रभर उघडी राहणारी खिडकी सहज लावून घेतली, आणि वारा थांबला. बाहेर जायला वाट नसली की तो आत येण्याची तसदी घेत नाही. मी यशाचे श्रेय पायालाच दिले.

मे महिन्यात एका रात्री दिवे गेले. पंखा थांबला, घामाच्या धारा लागल्या, आणि अंधारात काहीतरी जड फरशीवरून सरकल्याचा आवाज आला. मेणबत्ती घेऊन गेलो, तो आईने लोड भिंतीशी लोटून, दाराच्या फटीकडे तोंड करून चटई अंथरली होती.

“ये, पड इथे,” ती म्हणाली, “उशाला तो तुझा पाय घे.”